ती बाटली कुठं मिळते?

न्हावऱ्याहून पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. राहू बेटात गुऱ्हाळांचा धूर दिसायला लागतो. माझं चॅनल तिथंच सुरू झालं: काहिलीत उकळणारा रस, मळी काढणारा गुळव्या आणि माझा जुना मोबाईल.

1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तासांचा वॉचटाइम, ही जाहिरातीचे पैसे मिळण्यासाठीची युट्यूबची अट गाठायला दोन हंगाम गेले. 10 डॉलर जमले की पत्ता तपासायला गूगल पिनचं पत्र पोस्टानं धाडतं. मी पत्त्यात नुसतं गाव लिहिलं होतं. पत्र कुठं गेलं देव जाणे. दुसऱ्या वेळी वस्ती, पोस्ट, पिनकोड सगळं घातलं आणि पोस्टमनकाकांनाही सांगून ठेवलं. त्यानंतरही 100 डॉलर भरेपर्यंत खात्यात दमडी येत नाही. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के आपले, शॉर्ट्सचे 45.

डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि शिरूरकडचे शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले. माझा सगळ्यात चाललेला व्हिडिओ घाटातलाच. पण मागं डीजे वाजत होता. गाण्याचा क्लेम आला नि त्या व्हिडिओचे सगळे पैसे गाण्याच्या मालकाकडे गेले. आता मी माईक निवेदकाच्या तोंडाशी धरतो. माझ्या क्लेममध्ये फक्त पैसे गेले. पण 90 दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक बसले तर चॅनलच जातं.

हे सगळं परवडलं. चुकलो ते पुढं.

व्हॉट्सॲपवर एका कंपनीचा माणूस आला. कांद्याचं टॉनिक, एका व्हिडिओचे बारा हजार. माझ्या दोन महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त! बाटली हातात धरून मी म्हणालो, "आपल्या रानात वापरलंय, पात बघा." वापरलं नव्हतं. पात चुलत्यांच्या रानातली होती.

पंधरा दिवसांनी राहूहून एकाचा फोन. "दादा, तुमचं ऐकून चार बाटल्या मारल्या. शेंडे करपले." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. कंपनीच्या माणसाचा नंबर तोवर बंद, आणि माझे बारा हजारही बुडालेले.

तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतो, करार कागदावर करतो. टॉनिक असेल तर खत नियंत्रण आदेशाखालची परवानगी बघायला मागतो. 2021 पासून जैव उत्तेजकंही त्यात आली आहेत. निम्मे कंपनीवाले इथंच गळतात. पैसे घेतले असतील तर "ही जाहिरात आहे" असं मराठीत, तोंडानं बोलून आणि पडद्यावर लिहूनही सांगतो. केंद्राच्या 2023 च्या सूचना तेच सांगतात, आणि फसव्या जाहिरातीला ग्राहक कायद्यात पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड आहे. आणि स्वतःच्या रानात हंगामभर वापरल्याशिवाय "आपल्या रानात" म्हणत नाही.

टॉनिकचा तो व्हिडिओ मी फोन आला त्याच रात्री काढून टाकला. पण कुणीतरी त्याचा तुकडा डाउनलोड केलेला, तो गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. परवा मलठणहून फोन आला, "दादा, ती बाटली कुठं मिळते?"