आधी माइक, मग कॅमेरा

दाभोळच्या जेटीवर मोबाइलने व्हिडिओ काढला की चित्र बहुधा छानच येतं. वाशिष्ठीचं मुख, समोरचं धोपावे, मधून संथ सरकणारी फेरीबोट; बिघडायला तिथं फारसं काही नाही. घरी येऊन तोच व्हिडिओ हेडफोन लावून ऐकला की खरा प्रकार कळतो. बोलणाऱ्याच्या शब्दांवर फेरीचं इंजिन, गाड्यांचे हॉर्न आणि खाडीवरचा वारा चढून बसलेला असतो. व्हिडिओच्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या मुलांनी आणि ‘कॅमेऱ्याला किती लागतील?’ या काळजीतल्या पालकांनी हिशेब इथूनच सुरू करावा. पहिला खर्च आवाजावर.

प्रेक्षक थोडं धुरकट चित्र चालवून घेतो. शब्द कळेनासे झाले की मात्र तो थांबत नाही.

घरातला बऱ्यापैकी फोन शिकण्यापुरता कॅमेरा आहेच. शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’ हा 2015 चा अमेरिकी चित्रपट आयफोन 5एसवर चित्रित झाला, हे उदाहरण मुलं हौसेने सांगतात. त्याचा आवाज मात्र व्यावसायिक साधनांनी वेगळा ध्वनिमुद्रित केला होता, हे सांगायचं राहून जातं. शर्टाला लावायचा वायरचा कॉलर माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, मागचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. फोनपासून दहा फुटांवर उभं राहून ओरडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. किनाऱ्यावर माइकला केसाळ टोपी हवीच. पातळ स्पंज तिथल्या वाऱ्याला पुरत नाही. वायरलेस माइकचा विचार नंतर, आणि तोही एकाच वेळी दोघांचं बोलणं घ्यायची वेळ आली तर.

उरलेल्या पैशांत ट्रायपॉड. संकलनासाठी ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती आणि आवाजासाठी ‘ऑडॅसिटी’ पुरेशी आहे. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं म्हणून फोन बदलायला निघू नये. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की लुकलुकणं सहसा थांबतं.

कर्ज काढून कॅमेरा घ्यायचा म्हटलं की कुणीतरी दादासाहेब फाळक्यांचं नाव काढतंच. फाळके 1912 मध्ये लंडनला गेले, विमा पॉलिसी गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांतून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, हे खरं. पण ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मागण्याआधी त्यांनी वाटाण्याचं रोप वाढतानाची छोटी फिल्म करून दाखवली. शिवाय त्यांच्या खिशात फोन नव्हता. आजच्या मुलाने तो वाटाणा आधी फोनवर उगवून दाखवावा. अंडा मशिदीवर तीन मिनिटांचा माहितीपट, बंदरावरच्या मासळी लिलावाचं चित्रण, शिमग्याच्या पालखीचं किंवा नमनाचं ध्वनिमुद्रण: विषयांची वाण दाभोळात नाही.

लग्नाची किंवा होमस्टेच्या जाहिरातीची पैसे देणारी कामं येऊ लागली की कॅमेरा आधी भाड्याने आणावा. भाड्याचा खर्च वारंवार होऊ लागला तरच विकत घ्यावा, आणि तेव्हाही वापरलेला पाहायला हरकत नाही. फक्त लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे दिसतात का, ते तपासावं. कोकणातल्या दमट हवेत ही बुरशी नव्या लेन्सलाही सोडत नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा विमा फार स्वस्त आहे. खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर कॅमेरा पुसल्याशिवाय ठेवू नये.

शिक्षणाचं म्हणाल, तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या ध्वनिमिश्रणासाठी 2009 मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी याच संस्थेचे विद्यार्थी. प्रवेश पदवीनंतर, परीक्षेतून होतो. या शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्राची अट राहिली आहे. तेव्हा तो विषय सोडण्याआधी चालू माहितीपत्रक नीट वाचावं. पदवीपर्यंतची वर्षं हात बसवायला मिळतात, आणि तोवर महागडा कॅमेरा घरात नसला तरी काही अडत नाही.

पालकांनी मुलाचं काम जोखताना एकदा स्क्रीन पालथी ठेवून नुसतं ऐकावं. शब्द न् शब्द कळला, तर पुढच्या खरेदीबद्दल बोलायला हरकत नाही.