परवान्याची बंदूक आणि शेजारधर्म

ज्याच्या हाती परवान्याची बंदूक आहे त्याने शेजाऱ्याच्या हाकेस ओ द्यावी की न द्यावी, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता, आणि त्या रात्री तो पडावयास अवधीही नव्हता. शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, किंकाळ्या ऐकू आल्या, तेव्हा मी 112 क्रमांकावर वर्दी दिली आणि रानडुकरांपासून पीकसंरक्षणासाठी मिळालेली बारा बोअरची बंदूक घेऊन बांध ओलांडला. अंगणात एकाने शेजाऱ्याच्या मस्तकावर कोयता उगारला होता. माझ्या आरोळीने तो थांबला नाही, म्हणून मी त्याच्या पायांच्या रोखाने एक बार काढला. शेजारी वाचला, तो दरोडेखोर जायबंदी झाला आणि बाकीचे अंधारात पसार झाले.

पुढे ठाण्यात फौजदारांनी शेजाऱ्याचा जबाब मला वाचून दाखविला. चोर पळू लागले होते, त्यानंतर आबांनी (म्हणजे मी) गोळी झाडली, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. वैद्यकीय दाखल्यात छर्रे पोटरीच्या मागील बाजूने शिरल्याची नोंद होती. या दोन कागदांची सांगड पडताच मी साक्षीदाराचा आरोपी झालो, आणि तोही खुनाच्या प्रयत्नाचा. कोयत्याचा घाव घालणारा मनुष्य पवित्रा घेताना अंगाने वळतो, आणि मी बांधाकडून आलो असल्यामुळे त्याची पाठच माझ्याकडे होती, हे मी परोपरीने सांगितले. परंतु ज्याच्या डोक्यावर तो कोयता होता त्यानेच ते सांगावयास हवे होते. मी त्याला गाठले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “आबा, पोरीचं लग्न जमवायचंय. ती माणसं परत आली तर? मला कोर्टात ओढू नका.” त्याचे भय मी समजू शकतो. त्या भयापायी लिहून दिलेले असत्य मात्र मी अद्याप क्षमा करू शकलेलो नाही.

कायदा माझ्या बाजूचा आहे, असे मी त्या वेळीही मानीत होतो आणि आजही मानतो. भारतीय न्याय संहितेचे 35 वे कलम स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराचे रक्षण करण्याचा अधिकार देते, आणि मृत्यूची अथवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती असेल तर 38 वे कलम हल्लेखोराचा प्राण जाण्यापर्यंतही तो अधिकार मान्य करते. परंतु 37 वे कलम आवश्यकतेहून अधिक इजा करू देत नाही, आणि 40 व्या कलमान्वये धास्ती संपली की अधिकारही संपतो. हल्लेखोर वळून पळू लागला की त्याच्यावर झाडलेली गोळी संरक्षणाची राहत नाही. शिवाय स्वसंरक्षणाचा अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच असतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, संकटात सापडलेल्या माणसाने आपला प्रतिकार काट्यावर तोलून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, आणि अधिकाराची संभाव्यता दाखविली तरी त्याला पुरे आहे. हा मोठाच दिलासा आहे. पण तो खटल्यात मिळावयाचा, आणि तोवर बंदूक मुद्देमाल म्हणून जप्त राहते व परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने निलंबित होऊ शकतो.

याहून जड आहे ती मनाची बाजू. बारा बोअरचे छर्रे पसरत जातात, आणि शेजाऱ्याची मुलगी ओसरीच्या खांबाआड उभी होती, हे मला नंतर कळले. निरपराध्यास इजा होण्याचा धोका पत्करल्यावाचून प्राणघातक हल्ल्याचे निवारण होत नसेल तर 44 वे कलम तो धोका पत्करू देते. परंतु तिला छर्रा लागला असता तर त्या कलमाने माझे समाधान झाले नसते.

तेव्हा परवानाधारकांनी परवान्याच्या मागील बाजूच्या अटी आजच वाचाव्यात. तो कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या क्षेत्रापुरता आहे, याची विचारणा तपासात हटकून होते. प्रथम वर्दी द्यावी आणि तिची नोंद जपून ठेवावी. गोळी झाडल्यावर रिकामे काडतूस उचलू नये, जागेवरील काहीही हलवू नये, आणि पंचनाम्यात आपण कोठे उभे होतो व हल्लेखोराचे तोंड कोणीकडे होते हे आग्रहाने लिहवून घ्यावे. माझ्या पंचनाम्यात नेमके तेवढेच राहिले. वकिलाशी बोलल्यावाचून कैफियत देऊ नये. मन शांत ठेवावे, असे सगळेच सांगतात, म्हणून मीही सांगतो. साक्षीदाराची स्मृती ताजी आहे आणि शेजारपाजारचे दडपण अजून बसलेले नाही, तोच त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदविला जावा यासाठी वकिलामार्फत खटपट करावी. हे मला कोणीही सांगितले नव्हते.

आणि ज्यांच्या हाकेला कोणी धावून आले असेल, त्यांना माझी विनंती आहे. त्याचे आभार मानू नका, त्याच्या घरी पेढे नेऊ नका. ठाण्यात बसाल तेव्हा कोयता कोणाच्या डोक्यावर होता आणि बार कधी झाला, एवढे जसेच्या तसे सांगा.