साडेनऊ हजारांचे दोन फोन : दुकानदाराने कोणता घ्यावा?



सोनपेठच्या बाजारात माझ्या कापड दुकानाला लागूनच माझ्या भाच्याचे शिलाईचे दुकान आहे. काही दिवसांपूर्वी ऐन बाजाराच्या दिवशी त्याचा जुना फोन बंद पडला. गिऱ्हाईक भिंतीवरच्या कागदावर फोन धरून पैसे टाकत होते, "गेले बघा" म्हणत होते, आणि ते आले की नाही हे पाहण्यास भाच्याजवळ काही साधन नव्हते. ओळखीच्या माणसाला नाही कसे म्हणणार? दुसऱ्या दिवशी बँकेतून पासबुक भरून आणले, तेव्हा दोघांचे पैसे आलेच नव्हते असे दिसले. साडेसातशे रुपये, म्हणजे दोन शर्टांची शिलाई गेली. फोन ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही, तो आपला गल्ला आहे. तेव्हा तो घेताना गल्ल्याइतकाच विचार करावा.

भाच्याने दोन फोन पसंत केले होते. एक रेडमी ए४ ५जी व दुसरा सॅमसंग गॅलेक्सी एफ०६ ५जी. पहिला नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आला, दुसरा फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्या वेळी रेडमीचा १२८ जीबीचा फोन ९,४९९ रुपयांस होता व सॅमसंगचा तेवढ्याच साठ्याचा फोन बँकेची सवलत धरून त्याच किमतीच्या आसपास पडत होता. आजचा भाव दुकानात विचारून घ्यावा, तो वर-खाली होतो. भाचा म्हणाला, "मामू, दोन्ही सारखेच दिसतात. ज्याची पेटी भारी तो घेऊ का?"

माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, आणि जाहिरातीतले इंग्रजी शब्द मलाही दोनदा वाचावे लागतात. पण तीस वर्षे कापड विकले आहे. नवे कापड खळीमुळे कडक व चकचकीत दिसते आणि एका धुण्यात त्याचे खरे पोत उघडे पडते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. फोनच्या पेटीवरही अशी खळ असते. पेटीवर "८ जीबी रॅम" छापलेले असेल, तर त्यातली खरी चारच असू शकते. उरलेली चार फोन स्वतःच्या साठ्यातून उसनी घेतो. उसन्या रॅमने काम रेटते, पण खऱ्या रॅमचा वेग तिला नसतो. हे दोन्ही फोन ४ जीबीचे घेतले तर त्या बाबतीत सारखेच आहेत. ५० मेगापिक्सेलचा कॅमेराही दोघांना आहे. हा आकडा म्हणजे कापडाचा पन्हा समजा. पन्हा मोठा म्हणून कापड चांगले ठरत नाही.

कॅमेऱ्याची परीक्षा आपण आपल्या पद्धतीने करावी. माझा बराच माल आता फोटोवर ठरतो. सुरत, मालेगाव, इचलकरंजीचे व्यापारी व्हॉट्सॲपवर नमुने पाठवतात, आणि गिऱ्हाईक बायका भाच्याला ब्लाउजच्या गळ्याचे फोटो पाठवतात. म्हणून दुकानात जाताना खिशात मरून व मोरपंखी रंगाचे दोन तुकडे न्यावेत, दाराशी उजेडात त्यांचा फोटो काढावा आणि तुकडा पडद्याशेजारी धरून पाहावा. मरून लाल दिसतो का, मोरपंखी निळा होतो का, ते तिथेच कळते. पडद्याच्या बाबतीत दोघांची वीण एकसारखीच आहे. दोन्ही पडदे साध्या एचडी प्रतीचे एलसीडी आहेत, फुल एचडी नव्हेत. रेडमीचा पडदा ६.८८ इंचांचा, सॅमसंगचा ६.७ इंचांचा. ज्यांना चष्मा लागला आहे त्यांना रेडमी थोडा बरा वाटेल. मात्र त्याचे वजन सुमारे २१२ ग्रॅम आहे व सॅमसंगचे १९१. मशीनवर वाकून काम करणाऱ्याच्या वरच्या खिशातून जड फोन लवकर खाली येतो, हे ध्यानात ठेवावे.

आता खऱ्या फरकाकडे येऊ. दोन्ही फोनांच्या नावात ५जी आहे, परंतु ते ५जी सारखे नाही. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले, तेव्हा जिओने एक पद्धत घेतली व एअरटेलने मुख्यतः दुसरी. शिलाईच्या भाषेत सांगतो. जिओने टेबल, पायडल व मशीन सगळे नवे आणले. एअरटेलने आपल्या जुन्या ४जीच्या टेबलावर नव्या मशीनचे डोके बसवले. कापड दोन्हीकडे शिवले जाते, पण रेडमी ए४ ५जी मधली चिप फक्त पहिल्या प्रकारच्या मशीनवर चालते. त्यामुळे जिओचे सिम असेल तर या फोनवर ५जी मिळते, आणि एअरटेलच्या त्या दुसऱ्या पद्धतीच्या ५जीवर तो चालत नाही, ४जीवरच राहतो. सॅमसंग एफ०६ दोन्ही पद्धतींवर चालतो. भाच्याचे सिम एअरटेलचे आणि हात रेडमीच्या पेटीवर! विक्रेत्याने त्याला हे सांगितले नव्हते. त्यालाही ठाऊक नसावे, असे मी धरून चालतो.

यावर कोणी म्हणेल, पैसे आले-गेले पाहण्यास ५जी कशाला? बरोबर आहे. यूपीआयला अगदी थोडे इंटरनेट लागते, त्याला ४जी पुरेसे आहे. आपल्या तालुक्यातल्या पुष्कळ दुकानदारांना आज ५जीवाचून काही अडत नाही. ज्यांचे गाव आडबाजूला आहे त्यांनी तर आधी कोणत्या कंपनीचे सिग्नल दुकानात बसल्या जागी येते ते पाहावे, मग फोनचा विचार करावा. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये आपली ४जी सेवा देशभर सुरू केली आहे, तीही तपासून पाहण्यास हरकत नाही. माझे म्हणणे एवढेच की एकाच भावात दोन थान मिळत असतील, तर ज्याचा पुरा पन्हा वापरता येतो ते घ्यावे.

दुसरा फरक आयुष्याचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. फोनमधली अँड्रॉइड प्रणाली दर वर्षी नवी निघते. कंपनी काही वर्षे ती नवी प्रणाली देते, आणि चोरांनी शोधलेली भोके बुजवणारी सुरक्षेची दुरुस्तीही पाठवते. ही दुरुस्ती बंद झाली की फोन बंद पडत नाही, पण गल्ल्याचे कुलूप सैल झाल्यासारखे होते. पुढे ॲप्सही साथ सोडतात. व्हॉट्सॲपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वर चालणारे जुने फोन सोडून दिले, हे उदाहरण ताजे आहे. रेडमी ए४ अँड्रॉइड १४ वर आला, त्याला दोन नव्या प्रणाली व चार वर्षे सुरक्षेची दुरुस्ती कबूल आहे. सॅमसंग एफ०६ अँड्रॉइड १५ वर आला, त्याला चार नव्या प्रणाली व चार वर्षे सुरक्षा कबूल आहे. म्हणजे सुरक्षेत दोघे जवळपास बरोबरीचे, नव्या प्रणालीत सॅमसंग पुढे. येथे एक बारीक गोष्ट आहे. ही वर्षे साधारणतः फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. गेल्या हंगामाचे थान जसे नव्या भावात घेत नाही, तसेच जुन्या साठ्यातला फोन घेताना त्याची किती वर्षे सरली ते मोजावे व तेवढी घासाघीस करावी.

हिशेब करून पाहा. ९,४९९ रुपयांचा फोन चार वर्षे चालला तर महिन्याला सुमारे १९८ रुपये पडतात. दोनच वर्षांत बदलावा लागला तर ३९६. पेटीवर वाचवलेल्या पाचशे रुपयांपेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

चार्जरचा मुद्दा रेडमीच्या बाजूने जातो. त्याच्या पेटीत ३३ वॅटचा चार्जर मिळतो, जरी फोन स्वतः १८ वॅटच घेतो. सॅमसंग २५ वॅट घेऊ शकतो, पण त्याच्या पेटीत चार्जर येतच नाही. घरी नसेल तर तो खर्च किमतीत धरावा. बॅटरी रेडमीची ५१६० व सॅमसंगची ५००० आहे. या १६० वर कोणी भांडू नये.

आणखी एक परीक्षा कारागिरांसाठी. सुई, कात्री, लाकूड, लोखंड यांच्या कामाने बोटांच्या रेषा झिजतात आणि फोनचे बोट-कुलूप लवकर उघडत नाही. दोन्ही फोनांना ते बाजूला बसवलेले आहे. दुकानातल्या नमुन्याच्या फोनवर आपले बोट नोंदवून पाहण्याचा आग्रह धरावा. कामाचा हात आणि डावा हात, दोन्ही बोटे नोंदवावीत.

पैसे देण्याबद्दल. "शून्य टक्के हप्ता" म्हणून जो फलक लावलेला असतो, त्याखाली फाइल चार्ज किती ते विचारावे. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने तर हा फलक दोनदा वाचावा. भाच्याने दोन महिने थांबून रोख घेतला, तोवर माझा जुना फोन वापरला. बिल मात्र पक्के घ्यावे. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल, फोन धंद्यासाठी असेल आणि बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल, तर ९,४९९ मधले सुमारे १,४४९ रुपये करातून वजा मिळू शकतात. कंपोझिशनवाल्यांना ही सवलत नाही. जुना वापरलेला फोन घेणाऱ्यांनी स्टार हॅश ०६ हॅश दाबून त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक काढावा, इंग्रजीत केवायएम लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा. क्रमांक खरा आहे की बनावट वा बंद केलेला, ते उत्तरात कळते. चोरीचा फोन स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला माणूस ठाण्याच्या पायऱ्या चढताना मी पाहिला आहे.

शेवटी माझी एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. मागे मी सणाच्या खरेदीला निघण्याच्या आदल्या रात्री फोन बदलला. नव्या फोनवर यूपीआय पुन्हा नोंदवावे लागते, त्यासाठी सिमवरून संदेश जातो, आणि त्यानंतर पहिले चोवीस तास बहुतेक बँका पैसे पाठवण्यावर कमी मर्यादा ठेवतात. मला हे ठाऊक नव्हते. व्यापाऱ्याच्या गादीवर गाठोडी बांधून तयार, आणि माझ्या फोनवरून रक्कम जाईना. ओळखीच्या माणसाने जामीन राहून माल सोडवला. तेव्हा फोन बदलायचा तर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बदलावा, आणि जुना फोन आठवडाभर तसाच ठेवावा.

भाच्याने सॅमसंग घेतला. जिओचे सिम असते आणि डोळ्यांना मोठा पडदा हवा असता, तर मी त्याला रेडमीच घे म्हटले असते, त्यातही १२८ जीबीचा. ६४ जीबीचा घेतला तर ब्लाउजच्या फोटोंनी तो लवकर भरला असता. नव्या फोनसोबत चार्जर नव्हता म्हणून तो माझा घेऊन गेला आहे. "मामू, उद्या आणून देतो" म्हणाला होता. त्याला आता तीन आठवडे झाले.