घर पाहावे बांधून : बिल्डर निवडताना

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. दोन्ही कामांत खर्चाचा अंदाज चुकतो, एवढाच तिचा अर्थ आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. न्यूझीलंडमध्ये घर बांधल्यावर दुसरा अर्थ कळला. दोन्ही कामांत माणूस पारखावा लागतो, आणि ती पारख आधीच करावी लागते.

गेल्या महिन्यात आमच्या भाचीने विचारले, “मावशी, प्लॉट घेतला आहे. तीन बिल्डरांचे भाव आले आहेत. काम कोणाला द्यावे?” तिला जे सांगितले, तेच घर बांधू पाहणाऱ्या इतर तरुण जोडप्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहोत.

प्रथम आमची चूक सांगतो. आम्ही उभयतांनी २००० साली ऑकलंडमध्ये घर बांधून घेतले. बिल्डर ओळखीतून आला होता, गोड बोलत होता आणि त्याचा भाव सर्वांत कमी होता. आम्ही अधिक काही विचारले नाही. घर दिसायला सुरेख होते. बाहेरून गुळगुळीत प्लास्टर, वर सपाट छप्पर, आणि छप्पर भिंतीच्या पुढे एक वीतभरही आलेले नाही. आई मुंबईहून आली, अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, याला वळचण कुठे आहे?” आई रेवदंड्याची. कोकणात छप्पर भिंतीच्या चांगले पुढे काढतात, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. आम्ही हसून म्हणालो, “आई, इथली पद्धत वेगळी आहे.”

बाराव्या वर्षी निजायच्या खोलीत खिडकीखालचा गालिचा ओलसर लागू लागला आणि कुबट वास येऊ लागला. सुताराने आतले अस्तर काढले, तेव्हा भिंतीतल्या लाकडात बोट रुतले.

असे का झाले, ते समजून घेतले पाहिजे. येथील बहुतेक घरांचा सांगाडा पाइनच्या लाकडाचा असतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भिंतींसाठी रासायनिक प्रक्रिया न केलेले लाकूड वापरण्याची मुभा होती. त्याच काळात वळचण नसलेल्या प्लास्टरच्या घरांची आवड वाढली. बारीक चिरेतून पाणी आत शिरे. त्याला बाहेर पडायला वाट नसे, आणि लाकूड आतल्या आत कुजे. २००२ साली डॉन हन यांच्या समितीने या प्रश्नावर अहवाल दिला. २००९ साली सरकारसाठी केलेल्या एका पाहणीत अशी सुमारे ४२,००० घरे असावीत आणि एकूण खर्च ११.३ अब्ज डॉलर यावा, असा अंदाज निघाला. २००४ साली प्रक्रिया केलेले लाकूड परत आले. पुढे, जेथे पाणी शिरण्याचा धोका अधिक तेथे आवरण आणि सांगाडा यांच्यामध्ये पाणी निथळण्यासाठी पोकळी ठेवण्याचा नियमही आला.

आमचा दावा मात्र उभाच राहिला नाही. बांधकामातील दोषाबद्दल कायद्याने दहा वर्षांची मर्यादा घातली आहे. आमची बारा झाली होती. बिल्डरची कंपनीही केव्हाच बंद झाली होती. बातम्या आम्ही २००२ सालीच वाचल्या होत्या, पण आपले घर नवे आहे, आपल्याला काय होणार, असे म्हणून तपासणी करून घेतली नाही. निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेला पैसा त्या भिंतीत गेला.

यातून एकच धडा निघतो. भिंत बंद झाल्यावर आत काय आहे ते मालकाला दिसत नाही. म्हणून भिंतीच्या आतल्या कामाबद्दल जो नावानिशी जबाबदार राहील, तोच बिल्डर निवडावा. त्यासाठी पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, परवाना. १ मार्च २०१२ पासून घराचा सांगाडा, छप्पर, बाहेरचे आवरण अशी महत्त्वाची कामे ‘लायसन्स्ड बिल्डिंग प्रॅक्टिशनर’ने स्वतः करावी किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावी, असा नियम आहे. हा परवाना व्यक्तीला मिळतो, कंपनीला नव्हे. म्हणून विक्रेत्याला स्पष्ट विचारावे, “आमच्या जागेवर कोण उभा राहणार?” ते नाव सरकारी नोंदवहीत तपासावे. ती सर्वांना खुली आहे.

दुसरी, करारपत्र. १ जानेवारी २०१५ पासून ३०,००० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या घरकामाला लेखी करार सक्तीचा आहे. सही करण्यापूर्वी बिल्डरने आपला अनुभव, विमा व हमी यांची माहिती लेखी द्यावी लागते. ती मागताच कोणी नाराज झाला, तर तेच त्याचे उत्तर समजावे.

तिसरी, हमी. काम पुरे झाल्यापासून बारा महिन्यांत दाखवलेला दोष बिल्डरने दुरुस्त करावा लागतो, आणि कायद्याच्या हमी दहा वर्षांपर्यंत चालतात. परंतु कंपनीच बुडाली तर हमी कोणाकडे मागणार? यासाठी मास्टर बिल्डर्स किंवा सर्टिफाइड बिल्डर्स या संघटनांमार्फत मिळणारी वेगळी हमी असते. ती आपोआप लागू होते असे समजू नये. आपल्या घराची हमी मंजूर झाल्याचा कागद काम सुरू होण्यापूर्वी हातात घ्यावा.

चौथी, भाव. वर्गात आम्ही मुलांना सांगत असू, “नुसते उत्तर नको, रीत दाखवा.” बिल्डरलाही तेच सांगावे. खोदकाम, स्वयंपाकघर, फरश्या यांपुढे केवळ अंदाजी रकमा घातल्या असतील, तर खालची बेरीज कमी दिसते आणि पुढे फुगते. तिन्ही भाव ओळीने शेजारी मांडावेत. पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामापुरतेच द्यावेत.

पाचवी, पाहणी. बिल्डरने बांधलेल्या दोन-तीन घरांच्या मालकांना भेटावे. त्यांतले एक घर निदान पाच वर्षांचे जुने असावे. आपले काम चालू असताना, आतले अस्तर लागण्यापूर्वी कौन्सिलचा निरीक्षक येतो. त्या सुमारास बिल्डरची परवानगी घेऊन आपणही जावे, छायाचित्रे काढून ठेवावीत. शेवटी कौन्सिलचे पूर्तता प्रमाणपत्र मिळेपर्यंत सर्व पैसे चुकते करू नयेत. तशी अट करारातच घालून घ्यावी.

तोरामध्ये नवे घर बांधणाऱ्याला छताला कठडा करण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून घराला दोष लागू नये. ही आज्ञा गवंड्याला नव्हे, घराच्या मालकाला उद्देशून आहे, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. कारागीर दुसरा असला तरी विचारण्याचे काम आपले.

भाचीने तिघांकडेही जुन्या मालकांची नावे मागितली. सर्वांत कमी भाववाल्याने आठवडाभर टोलवाटोलवी केली. त्याला तिने सोडले. उरलेल्या दोघांपैकी जो थोडा महाग होता, त्याने तिला आठ वर्षांपूर्वी बांधलेल्या घरी स्वतः नेले. काम त्याला दिले आहे. परवा तिने नकाशा दाखवला. आम्ही आधी कडेला पाहिले. वळचण आहे.