आम्रखंडासारखी बिअर

प्रश्न: गुरुग्रामच्या एका ब्रुअरीत आंबा-व्हॅनिलाची ‘सावर’ म्हणजे आंबट बिअर घेतली. थेट आम्रखंडच! अशा बिअरची पारख कशी करायची?

उत्तर: आम्रखंड आठवलं ते उगाच नाही. दही लावणाऱ्या लॅक्टोबॅसिलस कुळातलेच जिवाणू हिला आंबट करतात. गोडीसाठी पुष्कळदा दुधातली साखर घालतात. बिअरचं यीस्ट ती खात नाही, म्हणून गोडवा उरतो. (दूध पचत नसेल तर आधी विचारा.) दिल्लीच्या उन्हाळ्यात बर्फगार प्यावीशी वाटते, पण त्याने वास दबतो, म्हणून ८ ते १० अंशांवर येऊ द्या, मग हुंगा. पिकल्या आंब्याचा वास हवा, इसेन्सचा नको. घोटानंतर जिभेवर साखरेचा चिकट थर राहिला, तर माझ्या लेखी ती फसली. ओकारीसारखा दर्प आला तर ग्लास सरळ परत करा. ती चव नव्हे, दोष आहे.