मावळात टू-फोर-डी फवारताना

मावळात भाताची खाचरं आणि गुलाबाची पॉलिहाऊस बांधाला बांध लावून आहेत. टू-फोर-डी हे तणनाशक वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. रुंद पानाचं तण वेडंवाकडं वाढून मरतं, भात तगतो. पण गुलाब, टोमॅटो, घेवडा ही पिकंही रुंद पानाचीच. म्हणून फवारणारा एकटा असला, तरी जबाबदारी शेजारच्या पिकाचीही आहे.

काय करावे

- लावणीनंतर २० ते २५ दिवसांनी, तण कोवळं असताना फवारा. सोडियम सॉल्ट, अमाईन सॉल्ट आणि एस्टर यांची मात्रा वेगवेगळी असते. डब्यावरचं लेबल वाचूनच घ्या.
- आधी खाचरातलं पाणी काढून तण उघडं पाडा. फवारणीनंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी बांधा.
- चार-सहा तासांची उघडीप हवी. पाऊस थांबतच नसेल तर सरळ बेणणी करा.
- पॉलिहाऊसवाल्याला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो पडदे खाली घेईल.
- चष्मा आणि हातमोजे घालाच. अमाईनचा थेंब डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.
- शंका असेल तर वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विचारा. इंद्रायणी भात तिथलाच.

काय टाळावे

- गुलाबाजवळ एस्टर नकोच. फवारा वाऱ्यावर गेला नाही, तरी उन्हात त्याची वाफ उठून पुढे सरकते.
- वारा सुटला असताना किंवा बारीक धुकं पाडणाऱ्या नोझलने फवारू नका.
- तोच पंप दुसऱ्या औषधाला वापरू नका. नुसतं विसळून हे औषध जात नाही; नळीत, वॉशरमध्ये उरलेलं पुढच्या फवारणीत टोमॅटोवर पडतं. मग शेंडा वाकतो, देठ पिळवटतात, नवी पानं अरुंद होऊन शिरा एकवटतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.
- बांधावर फवारू नका. तिथला टाकळा, कुर्डू बायका भाजीला खुडतात, आणि बांधावरची तूरही जाईल.
- पाखडीवर याचा भरवसा धरू नका. ते गवतवर्गीय तण आहे.
- भात पोटरीत आल्यावर फवारू नका.
- पंप ओढ्यात धुऊ नका. त्यात मासे-खेकडे असतात, आणि पुढे तेच पाणी इंद्रायणी-पवनेला मिळतं.