ना-हरकत कशाला, ते आधी वाचा

कंपनीचं ना-हरकत पत्र हातात पडलं की पीएचडीचा रस्ता मोकळा झाला, असं चाकण पट्ट्यातल्या आयटीवाल्यांना वाटतं. कुरुळीत राहून, सुट्या भागांच्या एका कारखान्यात आयटी विभाग सांभाळत मी अर्धवेळ पीएचडी केली. आता मोई, निघोजे, चिंबळीकडची मुलं-मुली सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी त्या पत्रापासूनच सुरुवात करतो.

यूजीसीचे नोव्हेंबर 2022 चे नियम नोकरदार संशोधकाच्या पत्रात तीन गोष्टी मागतात. पीएचडी करायला परवानगी आहे, काम सांभाळून संशोधनाला वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. बस्स. मशीनचा डेटा वापरता येईल का, प्रबंधात छापता येईल का, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

माझा विषय टूलच्या झिजेचा. सीएनसी लेथवरचं इन्सर्ट कधी बदलायचं हे जुना ऑपरेटर आवाजावरून ओळखतो. स्पिंडलची मोटर किती करंट ओढते यावरून संगणकाला ते आधी कळेल का, हे मला शोधायचं होतं. साहेबांनी तोंडी होकार दिला होता. सिनॉप्सिस मंजूर झाला, डेटा साठायला लागला आणि साहेब बदलले. नव्या साहेबांनी कागद लीगलकडे पाठवले. कंपनीचा डेटा बाहेर जाणार नाही, असं उत्तर आलं. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. प्रबंध शोधगंगेवर जातो, तिथे तो कोणीही उघडून वाचू शकतो. आपल्या रिजेक्शनचे आकडे गिऱ्हाइकाने वाचावेत असं कुठल्या व्हेंडरला वाटेल?

नोकरीत असताना शोधलेलं कोणाचं, हा प्रश्न फार मोठ्या माणसांनाही सुटलेला नाही. ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या नरेंद्र करमरकरांनी बर्कलेत डॉक्टरेट केली, बेल लॅब्समध्ये काम करताना 1984 मध्ये रेषीय प्रोग्रामिंगची त्यांची प्रसिद्ध पद्धत मांडली. तिचं पेटंट 1988 मध्ये मिळालं ते एटी अँड टी कंपनीला. म्हणून लेखी घ्या. कोणता डेटा, कोणत्या रूपात, कंपनीचं नाव गाळून की नावासकट, आणि साहेब बदलले तरी परवानगी कायम राहील का, एवढं तरी त्यात हवंच.

डेटा बंद झाला तेव्हा मला नासाचा मिलिंग मशीनचा खुला डेटा घ्या असं सुचवण्यात आलं. त्यावर अचूकता थोडी वाढवून पेपर झाले असते, पदवीही मिळाली असती. पण कुरुळीच्या गाळ्यातल्या लेथला त्याचा काय उपयोग? मी छोट्या वर्कशॉपवाल्यांकडे गेलो. एका मालकांनी वायरवर क्लॅम्प लावू दिला. प्रबंधात नाव येऊ द्यायचं नाही, एवढी अट घातली आणि ती लेटरहेडवर लिहूनही दिली. तिथे विषयाला खरं अंग आलं. दर लॉटचं मटेरियल वेगळं, व्होल्टेज खालीवर, रात्रपाळीचा ऑपरेटर फीड कमी ठेवणारा. थोडक्या आणि बदलत्या डेटावर मॉडेल कसं टिकवायचं, हा प्रश्न मला कारखान्यातल्या स्वच्छ आकड्यांनी कधीच विचारला नसता.

त्या काळात मला टिकवलं ते प्रश्नाने. नावापुढे डॉ. लागावं ही इच्छा वाईट नाही, आई-वडिलांना त्याचा फार आनंद होतो. पण डेटा गेल्यावर, पेपर परत आल्यावर ती इच्छा पुरत नाही, हे मी सोबतच्यांमध्ये पाहिलंय. म्हणून हेतू तपासा. अभियांत्रिकी कॉलेजात शिकवत असाल तर गणित साधं आहे: एआयसीटीईच्या 2019 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला एमई-एमटेक चालतं, सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागते. पुण्यात सी-डॅक आहे, टाटांचं 1981 पासूनचं टीआरडीडीसी आहे. अशा ठिकाणी संशोधन करायचं असेल तरी पदवीला अर्थ आहे. कारखान्यात किंवा हिंजवडीत बढतीसाठी करत असाल, तर आधी एचआरला विचारा की कोणत्या ग्रेडला पीएचडी मागतात. उत्तर गोलमोल आलं तर ते नाही असं समजा.

आणि पैसे भरून चार दिवसांत पेपर छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1009 नियतकालिकं तपासली. 88 टक्क्यांहून अधिक दर्जाहीन ठरली. असा पेपर तुमच्या नावावर कायमचा राहतो.

वेळेबाबत इथल्या मुलींना एक मुद्दाम सांगतो. मुदत सहा वर्षांची आणि पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षांची असते. स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे. संशोधन केंद्राच्या खिडकीवर हे कोणी आपणहून सांगेलच असं नाही. नियमांची प्रत छापून सोबत ठेवा आणि गाईड ठरवण्याआधी त्यांच्याकडे आत्ता काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला एकटीला गाठून विचारा, तिला ही रजा मागितल्यावर काय उत्तर मिळालं.